बिनशेऱ्याची गाडी

हॅलो?… हॅलो, कोण?… कांता! जोरात बोल, फार खरखर आहे… देवळीहून?

हो, नालवाडीतच आहे. बाबांचं तेरावं झाल्याशिवाय निघत नाही, सांगितलं होतं ना… नाही गं, माफी कसली. बोल. जिनिंगमधलं कॉम्प्युटरचं मशीन?… पुन्हा बंद?

कापसाच्या गाड्या कुठवर?… एसटी स्टँडपर्यंत!… आणि मालक? मोतीलाल शेठ काय म्हणतात?… संध्याकाळपर्यंत चाललं नाही तर मशीन परत. आणि मशीनसोबत आपण दोघी. समजलं.

रडू नकोस. नागपूरच्या मशीनवर आपला प्रोग्राम नीट चालला होता… मग तिथे कोणत्या गाडीला अडतो?… पावतीवर शेरा नसलेल्या? आणि शेरा टाकला की चालतो?… मग सकाळपासून कसं चालवलंत?

प्रत्येक गाडीला शेरा? वजनकाट्यावरचे नत्थूजी काय लिहितात?… ‘डावा बैल मारका’? पावतीवर छापलं?… अगं कांता…

थांब जरा. काय झालं, आत्या? यशोदाबाई काऊन रागावल्या?… पण त्यांचा डबा आलाच नव्हता आपल्याकडे! सुतकात कोणी डबे पाठवले, कोणी नाई पाठवले. तू त्यांच्या दारात जाऊन म्हणशील, ‘तुमचा डबा परत द्याचा आहे’, तर त्यांले टोमणाच वाटन ना… रुख्माबाईचाही नव्हता? मंग त्या काय म्हणल्या?… हसल्या. चहा पाजला. बरं, बस तू.

हॅलो… हो, हो, आहे मी. कांता, सापडलं… अगं ऐक ना. शेरा असला की आपण मशीनकडून त्याच्यापुरती जागा, मेमरी, मागून घेतो. पावती छापली की फ्री करून परत देतो. शेराच नसला तर पॉइंटर नल, रिकामा. म्हणजे हातात डबाच नाही, आणि आपण परत द्यायला दारात उभ्या… हो, डबा. नागपूरचं मशीन रुख्माबाई आहे, देवळीचं यशोदाबाई… मी ठीक आहे, कांता. लिहून घे.

शेरा फ्री करतो ती ओळ स्क्रीनवर काढ. तिच्याआधी इफ, कंसात शेरा, कंस बंद. असेल तरच परत द्यायचा. आणि देऊन झाला की लिही, शेरा बरोबर नल… का म्हणजे? नाहीतर पुढच्या गाडीला तोच डबा दुसऱ्यांदा परत करायला जाशील… हो, आपल्या सी भाषेसाठी अमेरिकेत समिती बसली आहे, नल फ्री केला तरी चालेल असा नियम करणार म्हणे. यशोदाबाईंपर्यंत तो पोचेस्तोवर आपण तपासूनच जाऊ.

कंपाइल कर. धरते मी.

भांडण कसलं ते?… रूपरावांच्या बैलाला ‘उत्तम’ आणि बापूरावांच्या बैलाला ‘बरा’?… पावती बदलून दिल्याशिवाय गाडी काट्यावरून काढत नाहीत?… आणि त्यांच्याआधी ट्रॅक्टर गेला, त्याला काय शेरा दिला?… ‘स्वभाव शांत’. नत्थूजींना म्हणावं, पुरे.

एक मिनिट, कांता. आत्या, तो डबा कुठं नेऊन राह्यली?… शेवटचा असू दे. नाव पाह्य पहिले. बुडाशी नाई, झाकणावर… हो. वासुदेव… बाबा ऑफिसात न्यायचे तो… नाई. कोणाले नाई द्याचा. इथं ठेव. फोनजवळ.

हॅलो… काही नाही, बोल… गेली? बिनशेऱ्याची गाडी गेली?… तिच्या मागचीही?… येतंय ऐकू, सगळे ओरडताहेत. बापूरावांना तेवढं एक ‘उत्तम’ छापून दे आणि मग शेरे बंद.

मी?… तेरावं झालं की दुसऱ्या दिवशी येते… नको गं, माझ्यासाठी डबा नको आणूस. आहे माझ्याकडे… मोठा आहे. दोघींचं मावेल त्यात… हॅलो?… कांता?…