हॉलतिकीट

(संध्याकाळ. पुढच्या खोलीत शिकवणीच्या वह्यांचा ढीग. सून त्यापुढे बसलेली.)

सासू : दोनदा हाक मारली. दुपारपासून ताट तसंच झाकून ठेवलंय. वह्या कधी व्हायच्या? माझ्या पोराचं, माझ्या मास्तराचं नाव घालवशील.

सून : करतेय, आई.

सासू : करतेस काय, नुसत्या रेघा मारतेस.

सून : इंग्रजी मिश्र वाक्यात एक गौण वाक्य असतं. ते नामाचं काम करतं, विशेषणाचं की क्रियाविशेषणाचं, हे मुलांनी ओळखायचं. ‘तो खोटं बोलला हे मला कळलं.’ काय कळलं? ते नामवाक्य. ‘ज्याने कागद लपवला तो माणूस.’ कोणता माणूस? विशेषणवाक्य. ‘परीक्षा सुरू झाली तेव्हा ती घरीच होती.’ कधी? क्रियाविशेषणवाक्य.

सासू : हे वहीतलं नाही. कुठला कागद?

सून : हा. शिक्षकभरतीचं हॉलतिकीट. दुपारी ह्याच ढिगाखाली सापडलं. परीक्षा आज सकाळीच झाली.

सासू : आण इकडे... हा तर तुझा फोटो. पोस्टमनकडून मीच घेतला होता हा कागद. मास्तराला विचारलं, हे काय रे? बँकेचं आहे म्हणाला, माझ्याकडे दे. मी दिला.

सून : तुम्हाला वाचता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

सासू : पुढच्या वर्षी बस की.

सून : वय संपलं, आई. ही शेवटची होती.

मास्तर : (आत येत) काय चाललंय? चहा नाही झाला अजून?

सासू : हा कागद बँकेचा आहे होय रे?

मास्तर : आई, ती नोकरीला गेली असती तर दीडशे वह्या कोणी बघितल्या असत्या? घराचाच विचार केला मी.

सासू : सहा वर्षं सगळ्या वह्या हीच बघते? मला वाटायचं, तुला नुसता हातभार लावते.

सून : बघते. उद्याचा धडाही मीच काढून देते, मग ते शिकवतात.

सासू : आणि मी गल्लीभर सांगत फिरले, माझा पोरगा पोरं घडवतो म्हणून.

मास्तर : आई, जाऊ दे ना आता. झालं ते झालं.

सासू : झालं ते माझ्या हातून झालं, ते मी मरेपर्यंत वागवीन. तू ऐक. उद्या पोरं आली की त्यांच्यासमोर उभा राहा आणि वह्या कोण तपासतं ते सांग. दारावरची पाटी उतरव, तिच्या नावाची लाव. शिकवेल ती. चहा तू करशील. आणि मी तुला मास्तर म्हणायचे ना, ते आजपासून नाही.