एकटीच्या शुभेच्छा

कुंभकोणमच्या थांब्यावर तिरुभुवनमच्या बसची वाट पाहणाऱ्या कीर्तीला मागून मराठी ऐकू आलं. पन्नाशीतलं एक जोडपं बोलत होतं. तिने मान वळवली नाही, पण कान मागेच ठेवले.

"काल वाढदिवसाला फेसबुकवर कोणी कोणी लिहिलं तुम्हाला?"

"आता कोण लिहितंय, वत्सला? पूर्वी दोनशे जण लिहायचे. सगळे सोडून गेले."

"सगळे?"

"कॉलेजातली सुब्बलक्ष्मी तेवढी आहे."

"दोनशेंत ती होती, तेव्हा मला काही वाटलं नाही हो. आता एकटीच उरलीय, ते खुपतं."

"दोनच शब्द लिहिलेत तिनं."

"आणि तुम्ही ते सकाळपासून चारदा वाचलेत."

"बरं बाई, खातंच बंद करतो."

"नको, नको! मग ती घरी फोन करील."