पंपावरचा आकडा

बायको : साठ उरायला हवेत. हा शून्य दाखवतोय.

नवरा : कुठला?

बायको : ढमीचा पंप. दम्याचा. दुसरा कुठला, सायकलचा?

नवरा : पण तो तर बंद आहे ना. मामांचं तेल सुरू झालं त्या दिवसापासून.

बायको : दार लोट आधी. आई आत तिला तेलच चोळतायत. हे बघ, मी तो बंद केलाच नव्हता. रोज सकाळी वेण्या घालताना एकदा देत होते. मग परत कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीत, तळाशी. रागवायचं तर रागव.

नवरा : दोन महिने?

बायको : साठ दिवस, एकही न चुकवता. एकशे वीसचा पंप. मग बाकीचे साठ गेले कुठे? हा बिघडलेला असेल तर पोरीला मी इतके दिवस नुसती हवा पाजली.

नवरा : बिघडलेला नाही तो.

बायको : तुला काय ठाऊक?

नवरा : चिमटे काढताना हाताला लागला. मला वाटलं, टाकून दिलायस तिथे. मग रोज झोपताना, गोष्ट संपली की... एकदाच.

बायको : तू? 'मामांवर जरा विश्वास ठेव' म्हणून मला ऐकवणारा तू?

नवरा : ते आईसमोर. तिचा सख्खा भाऊ, त्याची अट, तेल चालू तर पंप बंद. त्यांना मी काय म्हणणार? तू का गप्प बसलीस?

बायको : तुझे मामा. माझे असते तर तोंडावर सांगितलं असतं.

नवरा : हो, तुझ्या काकांना सांगतेस तसंच.

बायको : विषय बदलू नकोस. ढमी काहीच कशी बोलली नाही?

नवरा : मी तिला म्हटलं होतं, हे आपलं दोघांचं गुपित.

बायको : मीपण हेच म्हटलं होतं.

नवरा : थांब. सकाळी एकदा, झोपताना एकदा. डॉक्टरांनी काय लिहून दिलं होतं?

बायको : सकाळी एकदा, झोपताना एकदा.

नवरा : म्हणजे एवढ्या शिस्तीत आपण आजवर कुणालाच औषध दिलेलं नाही.

बायको : हसू नकोस. गेल्या आठवड्यात ती दोन जिने चढली तेव्हा मी दुसरा डोसही द्यायला निघाले होते, धाप लागली होती म्हणून. दिला असता तर?

नवरा : नाही ना दिलास. आता नवा पंप आणू, तू सकाळी, मी झोपताना. उद्या मामा 'अजून सहा महिने' म्हणतील. म्हणू देत. तेलाने कुणाचं काय बिघडतंय?

बायको : खालच्या शिंपीणबाईंचं.

नवरा : त्यांचा काय संबंध?

बायको : त्यांच्या मुलालाही दमा आहे. आज जिन्यात भेटल्या. मामा लोकांना तेल देतात त्या खोलीत ढमीचा फोटो लावलाय म्हणे, 'पंपाशिवाय बरी झालेली मुलगी' म्हणून. तो बघून त्यांनी कालपासून मुलाचा पंप बंद केला. माझा हात धरून आभार मानत होत्या.

नवरा : आणि तू काय म्हणालीस?

बायको : 'बरं' म्हणाले.

नवरा : ...आईला सांगावं लागेल.

बायको : तू सांग. तुझी आई आहे.

नवरा : तुझं ती जास्त ऐकते.

(सासूबाई तेलाचे हात पुसत दार ढकलतात.)

सासूबाई : काय ऐकायचंय मी?

नवरा : आई, तो पंप. आम्ही दोघांनी, म्हणजे एकमेकांना न सांगता...

सासूबाई : ठाऊक आहे.

बायको : कधीपासून?

सासूबाई : पहिल्या आठवड्यापासून. तेल लावताना पोरगी पोपटासारखी बोलते. 'आजी, हे गुपित आहे' म्हणते आणि सगळं सांगून टाकते.

नवरा : मग तू बोलली का नाहीस?

सासूबाई : तुम्ही माझ्या भावाचा मान राखताय असं वाटलं. म्हटलं, मीही तुमचा राखते.

बायको : आई, खालच्या शिंपीणबाईंनी मुलाचा पंप बंद केलाय. ढमीचं बघून.

सासूबाई : कधी?

बायको : काल.

सासूबाई : माझ्या चपला दे. कुठे आहेत बघ, दाराशी असतील.

नवरा : आई, मी जातो ना खाली.

सासूबाई : तुझ्यावर कोण विश्वास ठेवील? तेल माझ्या भावाचं, मीच सांगायला हवं. तिथून त्याच्याकडे जाते. फोटो उतरवून घेऊनच येईन.

बायको : मामांना फार लागेल.

सासूबाई : लागेल. लहानपणीही माझ्यावर रुसायचा तो. पोरगी आत उघडी बसलीय, तिला फ्रॉक घाला कुणीतरी. आणि नवा पंप आणलात की नंतर चूळ भरायला लावत जा. डॉक्टर दर वेळी सांगतात, तुम्ही दोघंही विसरता. कळल्यापासून दोन्ही वेळची मीच भरून घेतेय.