पाँपेईची देवी

नाव त्रिंबक कचरू शेजूळ, वय ६३ वर्षे, धंदा शेती, पूर्वी फौजेत शिपाई, राहणार मौजे सावरगव्हाण, ता. परतूर, जि. जालना. दि. ११/१०/१९८४.

ठाण्यात स्वतः हजर होऊन सांगतो की, माझ्या शेतात लिंबाखाली देवी आहे. देवी म्हणजे पांढऱ्या दगडात कोरलेला वीतभर बाईचा चेहरा. मंगळवारी, दि. ९ रोजी सकाळी सात वाजता माझी पत्नी गोपिकाबाई दिवा लावण्यास गेली असता देवी जागेवर नव्हती. दुपारी ती माझा चुलतभाऊ आबाराव याच्या मळ्यात विहिरीजवळ बसवलेली दिसली. विचारले असता तो म्हणाला, "देवी माझ्या सपनात आल्ती. मला इथून ने म्हणली. मी काय चोरी करून राह्यलो का?" गोपिकाबाई तेव्हापासून जेवलेली नाही.

देवी मूळची कुठली, असे जमादार साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, सन १९४४ च्या मार्चमध्ये माझी पलटण इटली देशात होती. समुद्राजवळ पाँपेई गावी मी पहाऱ्यावर होतो. दोन हजार वर्षांपूर्वी आगीच्या डोंगराच्या राखेत पुरलेले जुने गाव तेथे उकरून काढलेले आहे. त्या आठवड्यात डोंगर पुन्हा पेटला व राख पडू लागली. तंबूचे कापड उडू नये म्हणून एका पडक्या घरातून मी तो दगड उचलला. कोणास विचारले नाही. विचारण्यास घरात कोणी नव्हते.

सन १९४६ मध्ये घरी आलो. गोपिकाबाईने माझे सामान सोडले व "माझ्यासाठी काय आणलं?" असे विचारले. मी काही आणले नव्हते. दगड तिच्या हातात होता. मी, देवी आहे, असे म्हणालो. तिने त्याच दिवशी शेंदूर लावला. पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्यानंतर खरे सांगण्याचा प्रसंग आला नाही.

जमादार साहेब म्हणाले, "हे आबारावला सांगा. घटकाभरात दगड आणून टाकील."

मी म्हणालो, "मंग हिलाबी कळंल."

त्यावर त्यांनी लिहिणे थांबवून चहा मागवला.

चहानंतर सांगतो की, माझी आबारावविरुद्ध तक्रार नाही. देवी त्याच्या सपनात काय बोलली ते मला माहीत नाही. माझ्याशी ती कधी बोललेली नाही. गोपिकाबाईला दर मंगळवारी त्याच्या मळ्यात दिवा लावू द्यावा, एवढीच विनंती आहे. आबाराव ठाण्याबाहेर आलेला आहे; जमादार साहेबांनी बाहेर जाऊन विचारले असता त्यास ते कबूल आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. पत्नी बाहेर बाकावर बसलेली असल्याने माझ्या विनंतीवरून तो हळू आवाजात वाचण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बराबर आहे.