उतरता काटा

जामखेडहून नगरला जाणाऱ्या एस्टीसाठी फाट्यावर उभा होतो. शेजारी एक म्हातारी आणि पेट्रोलचा रिकामा डबा घेतलेला तिचा भाचा.

"गहिनीनाथ, शर्यतीची जीप कुठाय रं?"

"मागं बंद पडली, आत्या. मोठं इंजिन बसवताना दोन काट्यांच्या वायरी मी उलट्या जोडल्या. गरमीचा काटा उतरत गेला, तसं आमी लई खूश. म्हनलं, इंजिन गार पडतंय."

"आन् उतरत काय हुतं?"

"पेट्रोल."

"मंग पेट्रोलचा काटा?"

"त्यो चढत हुता."

"पळता पळता टाकी भरती व्हय?"

"वाटलं, नवं इंजिन हाय, कमी पीत असंल."

"मंग काय टाकीत ओकत हुतं? बरं, शर्यत कुनासंगं लावलेली?"

"ह्याच एस्टीसंगं."

"मंग हात कर. आली बघ ती."