काकांची लेन्स आणि थांबलेले फादर

पापडी गावातल्या चर्चमध्ये माझ्या भाचीच्या बाप्तिस्म्याला काय झालं ते ऐका. आमच्या आगुस्तीनकाकांनी घरातले सगळे सोहळे फिल्मवर टिपले होते. आता त्यांचे हात थरथरतात. या वेळी त्यांची जुनी लेन्स माझ्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर लावून फोटो काढीन, असं मी त्यांना कबूल केलं होतं. ती जोडायचा अ‍ॅडॉप्टर नेमका त्याच सकाळी कुरिअरने आला. मी तो बसवला आणि तसाच चर्चमध्ये गेलो.

फादरांनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतायला हात उचलला. मी हाताने रिंग फिरवून फोकस केला, बटण दाबलं, तर फोटोच निघेना. स्क्रीनवर आलं, 'लेन्स लावलेली नाही.'

पहिल्या बाकावरून काकांनी विचारलं, "काय झालं रे?"

"कॅमेरा म्हणतो, लेन्सच नाही."

"याच लेन्सने तुझ्या बाप्तिस्म्याचे फोटो काढलेत मी."

फादरांनी हात तसाच धरला आणि ते हळूच म्हणाले, "जुनी लेन्स या कॅमेऱ्याला ओळखू येत नाही. मेनूत जा. लेन्स नसतानाही शटर चालू दे, असं एक सेटिंग असतं. सावकाश शोध, मी थांबतो."

ते सापडल्यावर मी मान हलवली, आणि मगच त्यांनी पाणी ओतलं. तो फोटो बघून काका कितीतरी वेळ माझा हात धरून बसले.

नंतर मी फादरांचे आभार मानले आणि विचारलं, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

"भावाच्या लग्नात माझाही कॅमेरा असाच अडला होता," ते म्हणाले. "नवरा-नवरी काही थांबली नाहीत."