कॅचरचा गुडघा

(१९५२चा फेब्रुवारी. अमेरिकेत, ओहायोतल्या एका गावातलं स्वयंपाकघर. खुर्चीवर ऑरिन, समोर त्याची बायको व्हर्ना आणि तिचे वडील कॅस्पर.)

व्हर्ना : लाकडी फरशीवर घसरलास? बास्केटबॉल खेळताना?

ऑरिन : चेंडू बाहेर चालला होता गं. पाय आपोआप पुढे गेले.

व्हर्ना : आपोआप! घसरायचं ते बेसबॉलमध्ये. मातीत. उन्हाळ्यात! इतकी वर्षं दोन्ही खेळतोयस, आपण कुठे उभे आहोत एवढंही कळत नाही?

कॅस्पर : पण पोरी, घसरला बाकी झकास! अख्खा हॉल उभा राहिला.

व्हर्ना : बाबा, तुम्ही गप्प बसा. तुम्हीच याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत.

कॅस्पर : मी कशाला चढवू? न्हाव्याच्या दुकानात जाऊन विचार. दोन-दोन खेळांत पगार घेणारा जावई आहे का कुणाला या गावात?

व्हर्ना : आणि मला नवरा आहे का ते कुणाला विचारू? बास्केटबॉल संपला की फ्लोरिडात बेसबॉलचा सराव, सराव संपला की त्याचे दौरे, पानं गळाली की पुन्हा बास्केटबॉल. परवा आपली रूथी विचारत होती, हे काका जेवायला थांबणार का!

ऑरिन : लहान आहे ती.

व्हर्ना : गुडघा दाखव.

ऑरिन : काही झालेलं नाही.

व्हर्ना : मग पॅन्ट वर कर की. अरे देवा! हा गुडघा आहे की भोपळा?

ऑरिन : बर्फ लावला की उतरेल. उद्याची गाडी पकडतो. फ्लोरिडाच्या उन्हात मोकळा होईल.

व्हर्ना : आणि बेसबॉलवाल्यांचा डॉक्टर काय आंधळा आहे? यंदा बास्केटबॉल खेळायचं नाही, असं बजावलं होतं ना त्यांनी?

ऑरिन : जिन्यावरून पडलो म्हणेन.

कॅस्पर : मी साक्ष देतो. माझ्याच जिन्यावरून पडला.

व्हर्ना : बाबा, तुमच्या घराला जिना आहे का?

कॅस्पर : फ्लोरिडाहून कोण बघायला येतंय?

व्हर्ना : कपाळ माझं! अरे, हा पाय असाच दामटलास तर दोन्ही खेळ जातील. त्यांना खरं सांग. एक उन्हाळा घरी बस. पाय तरी वाचेल.

ऑरिन : आणि माझी जागा? मिसरूड न फुटलेली पोरं टपून बसलीयत तिथे. जागा एकदा गेली की गेली, व्हर्ना. मला भीती वाटते गं.

व्हर्ना : मलाही वाटते. म्हणून तर ओरडतेय. तू कॅचर ना? दिवसभर उकिडवं बसून चेंडू झेलायचे. मग बसून दाखव. इथेच, शेगडीपुढे.

कॅस्पर : बस रे. होऊन जाऊ दे हिची खात्री!

ऑरिन : त्यात काय... हं... हे बघ. बसलो की नाही?

कॅस्पर : वा रे पठ्ठ्या!

व्हर्ना : बसलास. आता ऊठ.

ऑरिन : उठतो की.

व्हर्ना : ऊठ ना.

ऑरिन : उठतो गं. तू जरा तिकडे तोंड कर.

व्हर्ना : आजवर तेच करत आले, ऑरिन. हात दे.